22 रुपयांत गिरडकडचं पार्सल परवडतं का?

प्रश्न गिरडकडच्या एका तरुणाचा आहे. बीए झालंय, घरची चार एकर कोरडवाहू, जवळ एक बाइक. एका कुरियर कंपनीनं त्याला वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली 34 गावं देऊ केली आहेत, पोचलेल्या पार्सलमागे 22 रुपये या रेटनं. तो विचारतो, "रोज 60-70 पार्सल येतील असं कंपनीचा माणूस म्हणतो. नागपुरात 14 रुपयेच मिळतात म्हणे. म्हणजे आमचा रेट चांगलाच झाला ना? घेऊ का एजन्सी?"

हिंगणघाटात 12 वर्षं मी पार्सलचं सेंटर चालवलं. सुरुवातीची चार वर्षं स्वतः गाडीवर फिरलो, नंतर पोरं ठेवली. म्हणून उत्तर आधीच देतो: 22 रुपयांवर घेऊ नका. 28 मिळाले आणि मी पुढं सांगतो त्या दोन-तीन गोष्टी कंपनीनं मान्य केल्या, तर जरूर घ्या. आता हिशेब.

नागपूरचे 14 आणि तुमचे 22 यांची तुलनाच होत नाही. बेसा किंवा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये फिरणारा पोरगा दिवसाला 90 पार्सल टाकतो आणि गाडी चालते 35 किलोमीटर. लोड घेऊन, थांबत-थांबत चालणारी गाडी लिटरला 45 देते आणि पेट्रोल 105 रुपये, असं धरतो. पेट्रोल झालं 82 रुपये. टायर, चेन, ऑइल, ब्रेक मिळून किलोमीटरला एक रुपया धरा, म्हणजे 35. एकूण 117 रुपयांत 90 पार्सल. पार्सलमागे गाडीचा खर्च दीड रुपयासुद्धा नाही. 14 मधले साडेबारा रुपये त्याच्या हातात उरतात.

तुमच्या 34 गावांच्या दोन लाइनी, म्हणजे फेरीचे दोन रस्ते, पडतील, कारण एवढी गावं एका दिवसात एका गाडीवर होत नाहीत. एक लाइन जाऊन-येऊन 100 किलोमीटरची धरू. पेट्रोल 233, टायर-चेन वगैरेचा घसारा 100, मिळून 333 रुपये. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण झोळीत 10 पार्सल असोत की 40, गाडी 333 रुपये खाणारच. 20 पार्सल पोचली तर 440 रुपये मिळाले, त्यातून 333 गेले, उरले 107. दिवसभर उन्हात फिरून 107 रुपये. तीच लाइन, तेच किलोमीटर, पण 36 पोचली तर 792 मिळतात आणि 459 उरतात. रेट बदलला नाही, रस्ता बदलला नाही, बदलली ती फक्त 100 किलोमीटरमागची पार्सलं.

म्हणून कंपनीच्या माणसाला रेटच्या आधी पार्सलांचा आकडा विचारा. "60-70 येतात" हे बहुतेक वेळा दिवाळीच्या सेलमधलं असतं. मागच्या बारा महिन्यांचा, महिन्यावारी, प्रत्येक पिनकोडचा आकडा लेखी मागा. तो त्यांच्याकडे असतोच, एका क्लिकवर निघतो. माझ्या अनुभवात ऐन सणातल्या आकड्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत वर्षाची सरासरी बसते. सरासरी 40 धरून मी पुढचा हिशेब करतो.

लोकांना वाटतं गाव लांब आहे म्हणून खर्च येतो. ते अर्धंच खरं आहे. नागपूर ते हिंगणघाट 75 किलोमीटर. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून रात्री निघालेली गाडी 3,000 रुपये भाडं घेते आणि तिच्यात 400 पार्सल असतात असं समजू, तर 75 किलोमीटरला पार्सलमागे साडेसात रुपये पडतात. सुरत किंवा भिवंडीहून नागपूरपर्यंतचा प्रवास तर किलोमीटरच्या मानानं आणखी स्वस्त. गठ्ठ्यानं जाणारा माल स्वस्तात जातो. फाट्यावर गठ्ठा फुटतो, एकेक पार्सल वेगळ्या गावाकडं निघतं, आणि मग शेवटच्या सहा-सात किलोमीटरला आधीच्या 75 इतका, कधी त्याच्या दुप्पट खर्च लागतो.

यात पिनकोडचा एक घोळ आहे, तो तुम्हाला थेट भोवणार आहे. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. पत्र कोणत्या टपाल कार्यालयाकडे छाटायचं, एवढ्यासाठी ती व्यवस्था होती आणि त्या कामात ती आजही चोख आहे. पण कुरियर कंपन्यांनी पिनकोडला रेट लावले. एकाच पिनकोडमध्ये हायवेला चिकटून असलेलं गाव येतं आणि नाला ओलांडून आत गेलेलं शेवटचं गावही येतं. कंपनीच्या संगणकाला दोन्ही सारखीच. तुमच्या गाडीला सारखी नाहीत. म्हणून करारात गावांची यादी जोडून घ्या आणि सेंटरपासूनच्या अंतराचे टप्पे मागा: 10 किलोमीटरच्या आत एक रेट, 10 ते 20 ला दुसरा, त्यापुढं तिसरा. पहिल्यांदा नाही म्हणतील. गावांची यादी आणि गाडीचं रीडिंग पुढं ठेवलं की ऐकतात, कारण त्या भागाला दुसरा माणूस त्यांनाही सहज मिळत नाही.

आता परतीच्या पार्सलांवर जरा जास्त बोलतो, कारण एजन्सी बुडते ती इथंच.

40 पार्सल रनशीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीवर, घेऊन निघालात आणि 34 पोचली, तर उरलेल्या सहांचे पैसे बहुतेक करारांत मिळत नाहीत. पेट्रोल मात्र चाळीसांचं जळालेलं असतं. 34 ऐवजी 38 पोचवली तर हातात उरणारी रक्कम 415 वरून 503 वर जाते. चार पार्सलांनी कमाई पाचव्या हिश्शानं वाढते. त्यामुळं पार्सल परत का येतं हे समजून घेण्यात घातलेला वेळ वाया जात नाही.

शहरात माणूस नको म्हणतो कारण मन बदललेलं असतं. आपल्याकडं बहुतेक वेळा मन बदललेलं नसतं, त्या दिवशी घरात नगद नसते. "भाऊ, ठेवून घ्या ना दोन दिवस, मंगळवारी चुकारा भेटते" हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. मजुरी गावच्या बाजाराच्या दिवशी हातात पडते. कापूस विकल्याशिवाय शेतकऱ्याकडं पैसा फिरत नाही. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर गावात फक्त म्हातारी माणसं असतात, बाकी सगळे वावरात. फोन घरातल्या एकाकडं, तोही वावरात, आणि तिथं रेंज नाही. हे सगळं ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपला कळत नाही. त्याला फक्त "ग्राहक उपलब्ध नाही" एवढंच दिसतं.

मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक गावाचा बाजाराचा दिवस भिंतीवर लिहून ठेवला. सीओडीची, म्हणजे दारात पैसे घेऊन द्यायची, पार्सलं शक्यतो बाजाराच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत काढायची. निघायच्या आदल्या रात्री आठ ते नऊ फोन करायचे, कारण तेव्हा माणूस घरी असतो, जेवून बसलेला असतो, आणि "उद्या येऊन राहिलो, 640 रुपये तयार ठेवा, नाहीतर शेजारी देऊन ठेवा" एवढं सांगितलं की पैसे निघतात. या एका सवयीनं माझी परतीची पार्सलं निम्म्यावर आली. फोनचा वेळ रोज पाऊण तास. आता बहुतेकांकडं क्यूआरनं पैसे येतात, ते चांगलंच आहे, पण आत रेंज जाते तेव्हा पार्सल दारात आणि पैसे अडकलेले, असं होतं. शहरात कामाला असलेल्या मुलाकडून आधीच पैसे भरून घ्या, असं मी घरच्यांना सुचवत असे. पुष्कळदा ऑर्डर त्यानंच दिलेली असते.

पत्त्याचंही तसंच. "मु. पो." लिहिलेलं असतं, पण मुक्काम एका गावात आणि पोस्ट दुसऱ्या गावात. "मारोतीच्या देवळाजवळ" हा पत्ता निम्म्या गावाला लागू पडतो. एकाच आडनावाची 40 घरं असतात. टपाल खात्यानं मे 2025 मध्ये डिजिपिन आणलाय, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी खूण. गावागावात तो रुजला तर फार काम होईल. तोवर गावावार वही ठेवा. पार्सल एकदा पोचलं की घराची खूण लिहायची: निळं दार, हातपंपासमोर, डेअरीच्या मागं. सहा महिन्यांत ती वही तुमच्या गाडीइतकी मोलाची होते, आणि नवा पोरगा ठेवलात तर पहिल्या दिवसापासून तो रस्ता चुकत नाही.

परत जाणाऱ्या पार्सलाचं ओझं तुमच्यापुरतं संपत नाही हेही लक्षात घ्या. सुरतेची साडी गिरडपर्यंत आली आणि नाकारली गेली, तर तोच सगळा प्रवास ती उलटा करते. जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही भाडं बहुतेक वेळा विकणाऱ्यावर पडतं, आणि तो ते पुढच्या साडीच्या किमतीत घालतो. "फ्री डिलिव्हरी" लिहिलेल्या वस्तूची किंमत तुम्ही तालुक्याच्या दुकानात विचारून बघा, कधीकधी फरक तिथंच सापडतो.

मोठ्या डब्यांबद्दल करारात वेगळी ओळ हवी. विकणाऱ्याकडून कंपनी भाडं घेते ते वजन आणि आकारमान यांत जे जास्त असेल त्यावर. सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि 5000 नं भागायचं. 40 बाय 30 बाय 30 चा खोका 7.2 किलो धरला जातो, आत दीड किलोचा प्लास्टिकचा टब असला तरी. ते बरोबरच आहे, जागा अडते. पण मग तुमच्या झोळीतही तीच जागा अडते ना? असे दोन खोके घेतले की 12 छोटी पार्सलं मागं राहतात, आणि तुम्हाला मिळतात तेच 22. अमुक आकारापुढं दुप्पट रेट, असं लिहून घ्या.

लाइनींचं म्हणाल तर आड दिवस जा. रोज 40 पार्सलं म्हणजे दोन्ही लाइनी रोज काढल्या तर 20-20 होतात, आणि 107 रुपये हाती राहणाऱ्या दिवसाचा हिशेब वर केलाच आहे. एक दिवस गिरड-कोऱ्याकडं, दुसऱ्या दिवशी नंदोरीकडं, असं केलं तर प्रत्येक फेरीला 40 मिळतात. अडचण एकच, कंपनी उशिराबद्दल दंड लावते. त्यामुळं "या गावांना आड दिवस डिलिव्हरी" हे आधीच मान्य करून घ्यावं लागेल. गावातल्या माणसाला पार्सल बुधवारऐवजी गुरुवारी मिळालं तर फारसं बिघडत नाही. नक्की कधी येणार हे कळलं नाही तर मात्र बिघडतं, कारण त्यासाठी तो मजुरी पाडून घरी थांबतो.

आता सेंटरचा खर्च धरू, जो नवीन माणूस हटकून विसरतो. खोलीचं भाडं 2,500, लाइट, नेट, मोबाइल, टेप, प्रिंट मिळून 1,500. महिन्याला 4,000, 26 दिवसांवर वाटले तर रोज 154. तुमची स्वतःची मजुरी 500 धरा. त्याहून कमी धरूच नका. शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही एवढे मिळतात आणि तुम्ही तर स्वतःची गाडी घेऊन फिरताय. 333 अधिक 154 अधिक 500, म्हणजे 987. हे 22 नं भागलं तर फेरीला 45 पार्सलं पोचायला हवीत. 40 घेऊन निघणारा 45 कुठून पोचवणार? 28 नं भागलं तर 36 लागतात. 40 मधली 36 पोचवणं कठीण आहे, पण फोन, वही आणि बाजाराचा दिवस सांभाळला तर जमतं. मी 28 का म्हणालो ते यावरून कळेल.

28 मिळत नसतील तर दुसरा मार्ग म्हणजे त्याच झोळीत दुसऱ्या कंपनीची पार्सलं. 100 किलोमीटर जायचंच आहे, वरच्या दहा पार्सलांना पेट्रोल लागत नाही. पण बऱ्याच करारांत "फक्त आमचाच माल" अशी अट लपलेली असते. ती खोडून घ्या. महिन्याला ठरावीक किमान रक्कम देत असतील तरच ती अट मान्य करण्यासारखी आहे. पोस्टाला दुर्गम गाव परवडतं त्याचं एक कारण हेच: ग्रामीण डाकसेवक पत्र, पेन्शन, बचतीचे पैसे आणि पार्सल एकाच फेरीत नेतो. स्पीड पोस्टाचा दर वजनावर आणि अंतरावर ठरतो, गाव आहे की शहर यावर नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला जाणाऱ्या पाकिटाला दुर्गम म्हणून वेगळा आकार लागत नाही. खासगी कंपनीनं "या पिनकोडला सेवा नाही" असं सांगितलेल्या कित्येकांना मी पोस्टानं मागवायला सांगितलंय, आणि वस्तू पोचली आहे.

फाट्यावरच्या दुकानात पार्सलं ठेवण्याबद्दल विचार कराल, तर जपून. आतल्या तीन गावांची पार्सलं एका किराणा दुकानात ठेवली, दुकानदाराला पार्सलमागे पाच रुपये दिले, तर तुमचं दहा-बारा किलोमीटर वाचतं. रोज फाट्यावर येणाऱ्यांना ते सोयीचंही असतं. पण ग्राहकानं हो म्हटलं असेल तरच. सहा किलोमीटरवरून माणूस फक्त पार्सलसाठी आला तर जाऊन-येऊन बारा किलोमीटरचं त्याचं 28 रुपयांचं पेट्रोल जळतं. म्हणजे कंपनीनं तुम्हाला द्यायच्या 22 रुपयांपेक्षा जास्त त्यानं खर्च केले, आणि कोणत्याच वहीत ते लिहिले गेले नाहीत. ज्या बाईकडं गाडी नाही, ती दीड तास चालत येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यानंतर म्हाताऱ्यांची, अपंगांची आणि औषधांची पार्सलं फाट्यावर ठेवायची नाहीत असा नियम केला.

आणि एक, याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही: "गावात यायचे वीस रुपये द्या" असं ग्राहकाला कधी म्हणू नका. पोरं का मागतात ते मला माहीत आहे, 22 मधले 16 गाडीतच गेले तर पोरगा करेल काय. पण ग्राहकानं डिलिव्हरीचे पैसे आधीच भरलेत, वेगळे नाहीतर किमतीत. तुमचं भांडण कंपनीशी आहे, गावाशी नाही. एकदा वीस रुपये घेतले की पुढच्या वेळी ते घर पार्सल घेत नाही, आणि परतीचा आकडा वाढतो.

पावसाळ्यात महिन्याचे चार-पाच दिवस गेलेच म्हणून समजा. नाला भरला की पलीकडची गावं बंद, काळ्या मातीच्या पांदणीत गाडी रुतते. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, एका पार्सलासाठी तर नाहीच. आणि उन्हाळा. एका मे महिन्यात माझा एक पोरगा दुपारी दोनला नंदोरीच्या पुढं चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला पडला. शेतावर जाणाऱ्या एका माणसानं उचललं म्हणून वाचला. चूक माझी होती, उरलेली सहा पार्सलं संपवूनच ये असं मीच सांगितलं होतं. त्यानंतर एप्रिल आणि मे मध्ये बारा ते चार गाडी बंद, सकाळचा माल संध्याकाळी. नागपूरहून येणारी गाडी सकाळी आठऐवजी सहाला पोचवा म्हणून मी महिनाभर भांडलो, शेवटी साडेसहावर तडजोड झाली.

विम्याकडं दुर्लक्ष करू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते, बँक खात्यातून परस्पर कापलं जातं. आजच काढा, आणि गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाचा काढा. ई-श्रम या कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीही करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या अशा कामगारांची कायद्यानं दखल घेतलेली आहे, पण नाव नोंदवलेलं असेल तरच पुढं काही पदरात पडेल. बाइकची पॉलिसी खासगी वापराची असेल तर मालाची ने-आण करताना अपघात झाल्यावर दावा अडतो का, हे एजंटला सही करायच्या आधी विचारा.

पैसे महिन्यानं येतात, कधी 45 दिवसांनी. त्यामुळं दोन महिन्यांचा गाडीचा आणि सेंटरचा खर्च, म्हणजे साधारण 25,000 रुपये, हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका. सीओडीची नगद रोजच्या रोज भरायची. त्यातून पेट्रोल भरायला सुरुवात केली की माणूस तीन महिन्यांत गाळात जातो, मी चार जणांना जाताना पाहिलंय.

शेवटी तुमच्या परतीच्या रिकाम्या झोळीबद्दल. येताना 50 किलोमीटर गाडी काहीच न घेता येते, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पलीकडं भिवापूरची मिरची आहे. बचत गटाच्या बाया हळद दळून पाकिटं करतात आणि पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांना पाठवायची म्हणून हिंगणघाटला एसटीनं येतात. त्यांची पाकिटं तुम्ही दारातून उचला. करारात बुकिंगचा, म्हणजे पिकअपचा रेट वेगळा लिहून घ्या, पार्सलमागे 15 मिळाले तरी चालेल. रोजची दहा पाकिटं झाली तर 150 रुपये, तेवढ्यात खोलीचं भाडं आणि लाइट निघते. कंपनीच्या माणसाला भेटायला जाण्याआधी त्या गटांना भेटा आणि महिन्याला किती पाकिटं जातात ते लिहून आणा.